लहान मुलाला दुर्मिळ कॅन्सर निघाला आणि डॉक्टर 'ट्रायल' म्हणाले तर काय करायचं – कोल्हापूरकरांसाठी टप्प्याटप्प्याने

आपल्याकडे लहान पोराला कॅन्सर निघाला की घरात पहिली चर्चा होते ती पुण्याला न्यायचं का मुंबईला, आणि त्या गडबडीत कुणी डॉक्टर म्हणाले की "एक स्टडी चालू आहे, बघणार का" तर अर्ध्या घराला वाटतं पोरावर प्रयोग करणार आणि उरलेल्या अर्ध्या घराला वाटतं फॉरेनचं औषध मिळणार, आता काळजी मिटली. दोन्ही तसं नसतं. माझ्या भाच्याला नऊ वर्षांचा असताना रॅब्डोमायोसार्कोमा, म्हणजे स्नायूसारख्या मऊ भागांचा कॅन्सर निघाला, बहीण आणि दाजी त्याच्यापाशी बसायचे आणि कागद, फोन, प्रवास हे सगळं मी बघायचो, तेव्हा जे समजत गेलं ते इथं क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, उपचार कुठला घ्यायचा हे तुमचे डॉक्टरच सांगतील, पण कुठे काय विचारायचं हे आधी माहीत असलं तर फार फरक पडतो.

१. आजाराचं पूर्ण नाव लिहून घ्या

"पोटात गाठ आहे", "सार्कोमा आहे" एवढ्यावर थांबू नका. लहान मुलांचे कॅन्सर मोठ्यांसारखे नसतात, आणि त्यातही हेपॅटोब्लास्टोमा (लिव्हरचा), रॅब्डोमायोसार्कोमा, प्ल्युरोपल्मनरी ब्लास्टोमा (फुफ्फुसाचा) असले प्रकार इतके कमी दिसतात की एखाद्या डॉक्टरने अख्ख्या नोकरीत हाताच्या बोटावर मोजण्याइतके बघितलेले असतात. रिपोर्टवरचं इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं वहीत उतरवा, पुढे शोधताना एक अक्षर चुकलं तरी काही सापडत नाही. नावाबरोबर अजून तीन गोष्टी विचारा: उपप्रकार कुठला, स्टेज किंवा रिस्क ग्रुप कुठला, आणि जनुकाची कुठली टेस्ट करायची आहे का. रॅब्डोमायोसार्कोमामध्ये फॉक्सओ-वन नावाची टेस्ट असते, ती पॉझिटिव्ह का निगेटिव्ह यावर रिस्क ठरते आणि काही वेळा स्टडीत नाव बसतं का नाही हेही त्यावरच ठरतं. आम्हाला हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं, विचारलं तेव्हा कळलं.

२. पहिली केमो लागायच्या आधी विचारा

या अख्ख्या लेखातलं एकच लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. बऱ्याच ट्रायलमध्ये अट असते की मुलाला आधी केमो किंवा लाईट (रेडिएशन) दिलेली नसावी, किंवा निदान झाल्यापासून अमुक दिवसांच्या आत नाव नोंदवलं पाहिजे. एकदा पहिलं सलाईन लागलं की ते दार बंद होतं आणि मग कितीही ओळखी काढा, उघडत नाही. म्हणून निदान हातात पडल्या पडल्या डॉक्टरांना सरळ विचारा, "सर, या आजारावर आपल्याकडे किंवा दुसरीकडे कुठला अभ्यास चालू आहे का, आणि आत्ता उपचार सुरू केले तर त्यात जायची वाट बंद होईल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

ऑपरेशनचंही तसंच. आपल्याकडे "गाठ आहे ना, काढून टाकू आधी" असं म्हणणारे भेटतात, पण लहान मुलांच्या बऱ्याच गाठींत आधी केमो देऊन गाठ लहान करतात आणि मग ऑपरेशन करतात, अर्धवट काढली तर पुढचं सगळं गणित बदलतं. डोळ्यातला रेटिनोब्लास्टोमा असेल तर सुई घालून तुकडा काढायचाच नसतो, त्याने कॅन्सर बाहेर पसरू शकतो. त्यामुळे कुणी हात लावायच्या आधी लहान मुलांच्या कॅन्सरचे डॉक्टर, म्हणजे पीडियाट्रिक ऑन्कॉलॉजिस्ट, यांचं मत घ्या.

पण एक सांगतो, पोराला श्वास लागलाय, गाठ मणक्यावर दाबतीय, लघवी बंद झालीय असं काही असेल आणि डॉक्टर म्हणाले आजच सुरू करायचं तर आजच सुरू करा. स्टडीसाठी जीव टांगणीला लावायचा नाही.

३. ब्लॉक, स्लाईड, सीडी ताब्यात घ्या

तुकडा तपासणी झाल्यावर आपल्या हातात फक्त रिपोर्टचा कागद येतो आणि आपल्याला वाटतं झालं. खरा माल लॅबमध्ये असतो, पॅराफिन ब्लॉक म्हणतात त्याला. प्लास्टिकची छोटी जाळीदार डबी असते आणि तिच्यावर मेणात बसवलेला तो तुकडा, एका कडेला नंबर लिहिलेला. हा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे का हे लॅबच्या काउंटरवर उभं राहूनच बघा, घरी येऊन नाही. ब्लॉकसाठी अर्ज द्यावा लागतो, आयकार्डची झेरॉक्स लागते, काही लॅब डिपॉझिट घेतात, काही डॉक्टरांचं पत्र मागतात. राजारामपुरीत बायोप्सी झाली असो नाहीतर सीपीआरच्या सरकारी दवाखान्यात, ब्लॉक कुठल्या लॅबला गेला हे आधी विचारा, कारण बऱ्याचदा नमुना पुढे दुसऱ्याच शहरातल्या लॅबला पाठवलेला असतो आणि मग ऐनवेळी पळापळ होते.

ब्लॉक नेताना हातातल्या बॅगेत ठेवा. मेण आहे, एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलं तर संपलं. स्लाईड काचेच्या असतात, त्यांची प्लास्टिकची डबी लॅबवाल्याकडून मागून घ्या. मोठ्या हॉस्पिटलात त्यांचे पॅथॉलॉजिस्ट सगळं परत बघतात, आणि दुर्मिळ आजारात या परत बघण्यात निदानच बदलू शकतं, म्हणून ब्लॉकला एवढं महत्त्व. जिथे जमा कराल तिथून पोच घ्या.

सीटी, एमआरआय, पेट स्कॅनची फिल्म पुरत नाही, सीडी किंवा पेनड्राईव्ह लागतो, आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतोय का हे आधी बघा.

४. फाईलमध्ये काय काय हवं

- बायोप्सीचा रिपोर्ट, आयएचसीचा (त्याच तुकड्यावर कॅन्सरचा प्रकार ओळखायला करतात ती खास तपासणी) रिपोर्ट, जनुकाच्या टेस्टचा रिपोर्ट
- ब्लॉक आणि स्लाईडची पोच
- सगळ्या स्कॅनचे रिपोर्ट आणि सीडी
- आधी उपचार झाले असतील तर केमोचा तक्ता: औषधाचं नाव, डोस, तारीख. नुसतं "तीन केमो झाल्या" चालत नाही
- ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट्स, फक्त डिस्चार्ज कार्ड नको
- रक्ताचे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून
- मुलाचा जन्मदाखला, आधार, आई-वडिलांचं आधार
- रेशनकार्ड, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला
- शाळेचं बोनाफाईड
- लसीकरणाचं कार्ड

सगळ्याच्या तीन झेरॉक्स काढा आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. उत्पन्नाचा दाखला आपले सरकार सेवा केंद्रातून निघतो, वेळ लागतो, म्हणून ज्या दिवशी निदान झालं त्याच दिवशी घरातल्या एकाला त्या कामाला लावा.

५. कसला अभ्यास आहे ते समजून घ्या

"ट्रायल" म्हटलं की सगळं एकच वाटतं पण तसं नाही. काही अभ्यासांत उपचार काहीही बदलत नाहीत, फक्त माहिती आणि उरलेला नमुना घेतात, याला रजिस्ट्री किंवा बायोबँक म्हणतात. दुर्मिळ आजारात हे फार कामाचं असतं आणि मुलाला वेगळा त्रास जवळजवळ नसतो. भाचा एका स्टडीत बसला नाही पण अशा एका अभ्यासात त्याचं नाव गेलं.

उपचारांच्या ट्रायलमध्ये फेज असतात. फेज एकमध्ये औषधाचा डोस किती झेपतो हे बघतात आणि बहुतेक वेळा नेहमीचे उपचार संपलेल्या मुलांना त्यात घेतात, त्यामुळे तिथे बरं होण्याची आशा किती हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा, आणि उत्तर ऐकायला दोघंजण जा. फेज दोनमध्ये औषध काम करतंय का ते बघतात. फेज तीनमध्ये नेहमीचा उपचार आणि नवा उपचार यांची तुलना असते, आणि कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर ठरवतो. तुम्ही नाही, डॉक्टरही नाही. "आमच्या पोराला नवीनच द्या" असा हट्ट चालत नाही. कॅन्सर असलेल्या मुलाला औषधाच्या जागी नुसती साखरेची गोळी देतील ही भीती बऱ्याच जणांना असते, पण अशा तुलनेत बहुतेक वेळा दोन्ही गटांना ठरलेले उपचार मिळतातच, फरक त्यावर जे जोडतात त्यात असतो.

आणि नवीन म्हणजे जास्त औषध असंही नाही. लिव्हरच्या हेपॅटोब्लास्टोमामध्ये कमी धोक्याच्या मुलांना दोन औषधांऐवजी एकटं सिस्प्लॅटिन दिलं तरी तेवढाच गुण येतो हे एका आंतरराष्ट्रीय ट्रायलनेच दाखवलं. सिस्प्लॅटिनने मुलांची ऐकण्याची ताकद कमी होऊ शकते, तर त्यावर अजून एक ट्रायल झाली, केमोनंतर सहा तासांनी सोडियम थायोसल्फेट द्यायचं, त्याचा निकाल २०१८ साली आला: ज्यांना ते दिलं त्यांच्यात ३३ टक्के मुलांना ऐकण्याचा त्रास झाला आणि ज्यांना दिलं नाही त्यांच्यात ६३ टक्के. त्या ट्रायलमध्ये फक्त १०९ मुलं होती. आमच्या आजाराचं बघा, जास्त धोक्याच्या रॅब्डोमायोसार्कोमात नेहमीची केमो संपल्यावर सहा महिने हलकी केमो चालू ठेवली तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण ८६.५ टक्के, आणि जिथं थांबवली तिथं ७३.७ टक्के. हे कळायला १४ देशांतली १०२ हॉस्पिटलं लागली, २००६ ते २०१६ अशी दहा वर्षं गेली आणि सगळी मिळून ३७१ मुलं. एकेक नाव जोडत जोडत हे उभं राहिलेलं आहे. आज आपल्या पोराला जो प्रोटोकॉल, म्हणजे उपचारांचा ठरलेला आराखडा, लागतो तो कुणाच्या तरी आईबापाने कधीतरी सही केली म्हणून आहे, हे कळलं तेव्हा मला त्या कागदाकडे बघायची भीती कमी झाली.

६. स्वतः शोधायचं असेल तर

भारतात चालणाऱ्या ट्रायलची सरकारी नोंदवही आहे, क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया, लोक सीटीआरआय म्हणतात. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेची आहे, २००७ साली सुरू झाली, आणि जून २००९ पासून ट्रायल तिथे नोंदवणं बंधनकारक आहे. बघायला पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही. सर्चमध्ये आजाराचं इंग्रजी नाव टाका. प्रत्येक नोंदीत वयाची अट, कुणाला घेणार कुणाला नाही, कुठल्या हॉस्पिटलात चालू आहे, एथिक्स कमिटीची (अभ्यासात पेशंटवर अन्याय होत नाही ना हे तपासणारी समिती) मंजुरी आहे का आणि संपर्काचा नंबर असतो. "ओपन टू रिक्रूटमेंट" लिहिलं असेल तरच पुढे जा, आणि तरीही फोन करून खात्री करा कारण नोंद मागे राहिलेली असू शकते. जगभरातल्या ट्रायलसाठी अमेरिकेची क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही साईट आहे, तिथे देश म्हणून इंडिया निवडता येतं.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि नवी मुंबईत खारघरचं त्यांचंच ॲक्ट्रेक हे केंद्र ही मुलांच्या कॅन्सरच्या अभ्यासांची मोठी ठिकाणं आहेत. शिवाय नॅशनल कॅन्सर ग्रिड म्हणून देशभरातल्या कॅन्सर हॉस्पिटलांचं जाळं २०१२ पासून आहे, आणि लहान मुलांच्या कॅन्सरच्या डॉक्टरांचा इनपॉग नावाचा गट वेगवेगळ्या हॉस्पिटलांत मिळून अभ्यास करतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांना विचारा की या आजारावर ग्रिडमध्ये किंवा इनपॉगमध्ये काही चालू आहे का.

यातला सापळा: व्हॉट्सॲपवर "स्टेम सेल ट्रायल, शंभर टक्के गॅरंटी, एवढे लाख भरा" असले मेसेज फिरतात आणि घाबरलेला माणूस शेत विकायला निघतो. ज्या औषधाची चाचणी चाललीय त्याचे पैसे पेशंटकडून मागितले की सावध व्हा. नोंदणी नंबर विचारा, एथिक्स कमिटीचं नाव विचारा. खरा संशोधक गॅरंटी कधीच देत नाही.

७. संमतीचा कागद

आधी माहितीपत्रक देतात आणि मग संमतीपत्र. मराठीतलं मागा, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. इंग्रजी कागदावर "इथं इथं सही करा" असं कुणी म्हणालं तर थांबा. सही आई किंवा वडिलांचीच लागते, मी सगळीकडे धावत होतो तरी माझी सही चालली नाही, मामा, काका, आजी-आजोबा कायदेशीर पालक असल्याशिवाय चालत नाहीत. म्हणून ज्या दिवशी बोलावलं असेल त्या दिवशी दोघांपैकी एक तिथं पाहिजेच, वडील गडहिंग्लजला उसाच्या तोडीत आणि आई वॉर्डात असं असेल तरी चालेल, पण दोघांचं आधी बोलणं झालेलं असू द्या.

कागद घेऊन जा, रात्री निवांत वाचा. आम्ही तो धर्मशाळेत नेला होता, बहीण एकेक ओळ मोठ्याने वाचायची आणि दाजी जिथं अडेल तिथं पेन्सिलीने खूण करायचे, सकाळी त्या खुणा घेऊनच डॉक्टरांसमोर बसलो आणि त्यांनी प्रत्येक खुणेचं उत्तर दिलं. हे विचाराच: यात भाग घेतला नाही तर कुठला उपचार मिळेल? जास्तीचं रक्त किती वेळा काढणार, जास्तीचे स्कॅन किती? त्यांचा खर्च कुणाचा? मुंबईला किती फेऱ्या वाढतील? मुलाच्या वाढीवर, ऐकण्यावर, पुढे मूल होण्यावर परिणाम होऊ शकतो का? नमुना किती वर्षं ठेवणार आणि दुसऱ्या देशात पाठवणार का? रात्री-अपरात्री ताप आला तर फोन कुणाला?

२०१९ च्या नियमांप्रमाणे, न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स म्हणतात त्यांना, ट्रायलमुळे मुलाला इजा झाली तर उपचार फुकट करावे लागतात आणि नुकसानभरपाईचीही तरतूद आहे. अगदी नवीन रेणूच्या औषधाची ट्रायल असेल तर लहान मुलांच्या बाबतीत संमतीची व्हिडिओ रेकॉर्डिंग करतात, कॅमेरा बघून बिचकू नका, ती तुमच्याच बाजूने आहे. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमची. ती घेतल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका. त्यावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तक्रार असेल तर थेट तिथं करता येते.

आणि कधीही बाहेर पडता येतं. कारण सांगायची गरज नाही, पुढच्या उपचारांवर त्याचा परिणाम होता कामा नये. फक्त परस्पर औषध बंद करून घरी बसू नका, काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात, सांगून बाहेर पडा.

८. मुलालाही विचारतात

सात वर्षांच्या पुढच्या मुलाची स्वतःची तयारी विचारायची असते, बारापर्यंत तोंडी आणि त्यापुढे लेखी. घरातले म्हणतात "त्याला काय कळतंय", पण त्याला कळतं. भाच्याला डॉक्टरांनी खुर्चीवर समोर बसवून विचारलं तेव्हा त्याने दोनच प्रश्न केले: सुई वाढणार का, आणि आईला बाहेर पाठवणार का. डॉक्टर म्हणाले नेहमीचं रक्त काढताना त्याच सुईतून अजून थोडं घेऊ, आणि आई इथंच. मग त्याने मान हलवली. त्याआधी आठवडाभर आम्ही त्याच्यापासून कॅन्सर हा शब्द लपवत होतो आणि तो शेजारच्या कॉटवरच्या मुलाकडून सगळं ऐकून बसला होता. खरं सांगा, त्याच्या वयाला झेपेल एवढं, पण खरं.

९. पैसे, प्रवास, राहणं

स्टडीत गेलं म्हणजे सगळं फुकट असं धरून चालू नका. चाचणीचं औषध फुकट, पण नेहमीची केमो, बेड, साध्या टेस्ट यांचा खर्च काही अभ्यासांत आपल्याकडेच राहतो. त्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना, मुख्यमंत्री सहायता निधी आणि हॉस्पिटलचे स्वतःचे फंड असतात, सगळ्याची वाट मेडिकल सोशल वर्करच्या टेबलावरून जाते, पहिल्याच दिवशी त्यांना भेटा. प्रवासखर्च देतात का हेही विचारा, काही स्टडी देतात.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री एसीला पूर्ण सवलत आहे आणि सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो, तो पहिल्याच फेरीत घेऊन ठेवा. महालक्ष्मीने रात्री बसलं की सकाळी दादर, तिथून परळ जवळ. केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी असताना जनरल डब्यातून नेऊ नका, मास्क लावा, बाहेरचं खायला देऊ नका.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, आणि मुलांसाठी खास सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स आहेत, सेंट ज्यूडमध्ये राहणं फुकट असतं पण हॉस्पिटलमधून नाव जावं लागतं. आल्या आल्या सांगून ठेवा.

१०. कोल्हापुरात घरी असताना

मुंबईहून मधल्या काळात घरी पाठवतात तेव्हा इथल्या एका बालरोगतज्ज्ञांना आधीच भेटून फाईल दाखवून ठेवा आणि त्यांचा नंबर स्टडीच्या कोऑर्डिनेटरला द्या. ताप १००.४ च्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. केमोत पांढऱ्या पेशी पडलेल्या असतात, इन्फेक्शन रात्रीतून हाताबाहेर जातं. सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या तपासणीच्या रिपोर्टचा फोटो त्याच दिवशी कोऑर्डिनेटरला पाठवा. स्टडीत काही गंभीर झालं तर त्यांना २४ तासांत वर कळवावं लागतं, त्यामुळे दुसऱ्या कुठल्या हॉस्पिटलात ॲडमिट केलं तरी कोऑर्डिनेटरला फोन करा.

गावाकडून कोण ना कोण काढा, झाडपाला, भस्म घेऊन येतंच, मायेपोटीच आणतात. पण द्यायच्या आधी डॉक्टरांना दाखवा. लिव्हरवर ताण आला तर केमो लांबते, आणि नेमकं कशामुळे झालं हे कुणालाच कळत नाही.

११. नाव बसलं नाही तर, आणि संपल्यावर

वयाची अट, किडनीचा रिपोर्ट, आधीची केमो, कशानेही नाव बसत नाही. बहिणीला त्या दिवशी वाटलं होतं की आता काही उरलं नाही, पण ठरलेला प्रोटोकॉल हाच आजवरच्या सगळ्या अभ्यासांतून आलेला सगळ्यात चांगला उपचार असतो आणि तो स्टडीच्या बाहेरही तोच मिळतो. रजिस्ट्री आहे का एवढं मात्र विचारा.

अभ्यास संपला तरी वर्षानुवर्षं फॉलोअप असतो, मूल कसं वाढतंय हे त्यांना बघायचं असतं. निकाल आल्यावर आम्हाला सोप्या मराठीत कळवाल का, असं आधीच लिहून मागा. आणि मोबाईल नंबर बदलला, घर बदललं, शाहूपुरीतून पुण्याला गेलात, तर कोऑर्डिनेटरला कळवा, दोन नंबर देऊन ठेवा, एक घरातला आणि एक शेजारचा.